न छापलेलं पान: प्रसूतिगृहं चालवणाऱ्यांना खुलं पत्र

प्रसूतिगृहांचे संचालक, तिथले बालरोगतज्ज्ञ आणि वॉर्डातल्या सिस्टर, तुम्हा सर्वांना नमस्कार.

मी डॉक्टर नाही. मी एका बाळाची मावशी आहे. ते बाळ आता नाही. अकरा आठवड्यांचं होतं. दुपारी दूध पिऊन झोपलं आणि दीड तासाने माझी बहीण त्याला उठवायला गेली. त्यापुढचं मी लिहिणार नाही, ते सांगायचं की नाही हे तिने ठरवायचं. मी एवढंच लिहिते की ते पालथं होतं आणि तोंड गादीकडे होतं. शवविच्छेदनात काही सापडलं नाही. संसर्ग नाही, हृदयाचा दोष नाही, इजा नाही. कागदावर 'सडन इन्फंट डेथ सिंड्रोम' असं लिहून आलं. एक वर्षाच्या आतलं बाळ झोपेत जातं आणि शवविच्छेदन करून, घर पाहून, आजारपणाची सगळी माहिती घेऊनही कारण कळत नाही, तेव्हा हे नाव देतात. थोडक्यात 'सिड्स'.

बहिणीने बाळंतपणाची फाईल अजून जपून ठेवली आहे. घरी सोडताना दवाखान्याने दिलेली चोवीस पानांची पुस्तिका तिच्यात आहे. लसींचं वेळापत्रक आहे. टाक्यांची काळजी, नाळ कोरडी कशी ठेवायची, दूध पाजताना बाळ कसं धरायचं, ढेकर कशी काढायची, आंघोळीचं पाणी कोपराने कसं पाहायचं, सगळं चित्रांसकट आहे. झोपेबद्दल एकच ओळ आहे: नवजात बाळ दिवसातले सोळा तास झोपू शकतं. ते सोळा तास कसं, कुठे आणि कशावर, याबद्दल अक्षर नाही. मुखपृष्ठावर मात्र झोपलेलं बाळ आहे. लोकरीची टोपी, गुडघे पोटाशी घेतलेले, पालथं, आणि एक गाल फुगीर उशीत रुतलेला. फोटो गोड आहे. आम्ही सगळ्यांनी तो कौतुकाने पाहिला होता.

मी त्या दवाखान्याला पत्र लिहिलं. पुढच्या छपाईत झोपेचं एक पान घाला आणि हा फोटो बदला, एवढंच मागितलं. दोन ओळींचं उत्तर आलं. नव्या पालकांच्या मनात विनाकारण भीती बसू नये म्हणून हा विषय पुस्तिकेत मुद्दाम घेतलेला नाही, असं त्यात म्हटलं होतं. फोटोबद्दल काहीच नव्हतं.

त्या 'मुद्दाम' या शब्दामुळे हे पत्र जाहीर लिहावं लागतंय. राहून गेलं असतं तर मी समजू शकले असते. पण हे ठरवून केलेलं आहे. आणि मी चौकशी करू लागले तेव्हा लक्षात आलं की हे एकाच दवाखान्याचं नाही. नुकत्याच बाळंत झालेल्या ज्या ज्या मैत्रिणीला विचारलं, तिला लस सांगितली होती, दूध सांगितलं होतं. झोपवायचं कसं हे फार थोड्या जणींना कोणी सांगितलं होतं.

तुम्हाला हे ठाऊक आहे, तरी लिहिते, कारण हे पत्र इतरही वाचणार आहेत. बाळ पहिल्या वर्षात प्रत्येक झोपेला, दुपारच्या डुलकीलासुद्धा, उताणं झोपवायचं. कुशीवरही नाही. गादी सपाट आणि घट्ट, वर फक्त नीट ताणून बसवलेली चादर. उशी, लोड, मऊ खेळणी, जाड पांघरूण, पाळण्याच्या कडेला लावायचे गुबगुबीत पट्टे, यातलं काही नाही. बाळ आईवडिलांच्याच खोलीत, पण स्वतःच्या वेगळ्या जागी, निदान पहिले सहा महिने. बाळाभोवती विडी-सिगारेटचा धूर नको, गरोदरपणातही नको. अंगावरचं दूध मिळणाऱ्या बाळांमध्ये हा धोका कमी आढळतो. बाळाला फार कपड्यांत गुंडाळू नये, घरात डोक्यावर टोपी ठेवून झोपवू नये. एवढंच आहे. एका पानात मावतं.

आता भीतीबद्दल बोलते, कारण तुमचं सगळं उत्तर त्या एका शब्दावर उभं आहे.

हे मृत्यू सगळ्यात जास्त दुसऱ्या ते चौथ्या महिन्यात होतात आणि बहुतेक सहा महिन्यांच्या आत. म्हणजे घाबरायचे दिवस आईच्या वाट्याला तसेही येतातच. बाळाचा श्वास चालू आहे ना, हे रात्री चारदा उठून न पाहणारी आई मी पाहिलेली नाही. भीती तिच्याजवळ आधीच असते. तिला हातात करण्यासारखं काहीतरी हवं असतं, आणि ते तुमच्याजवळ आहे. टाके पिकू शकतात हे तुम्ही सांगता, कावीळ वाढू शकते हे सांगता, ताप आला तर थांबू नका हे ठळक अक्षरांत छापता. तेव्हा भीतीचा विचार आड येत नाही. मग इथेच का?

गप्प राहण्याची किंमत काय असते, तेही नोंदलेलं आहे. 1950 च्या दशकात अमेरिकेतले नावाजलेले बालरोगतज्ज्ञ डॉ. बेंजामिन स्पॉक यांनी बाळाला पालथं झोपवण्याचा सल्ला दिला. उताण्या बाळाला उलटी झाली तर ती घशात अडकेल, हे त्यांचं कारण होतं. ऐकायला पटणारं होतं आणि घरोघरी पोचलं. पण 1970 पर्यंत उलट बाजूचा पुरावा साठला होता. 2005 मध्ये ब्रिटनमधल्या संशोधकांनी जुने सगळे अभ्यास एकत्र मांडून पाहिले. त्यांचा निष्कर्ष असा की 1970 मध्येच ते नीट तपासले असते आणि लोकांना सांगितलं असतं, तर ब्रिटनमधली 10,000 हून अधिक आणि युरोप, अमेरिका, ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंड मिळून निदान 50,000 बाळं वाचू शकली असती. माहिती होती. सांगायला वीस वर्षं लागली.

सांगायला लागले तेव्हा काय झालं, तेही पाहा. नेदरलँड्समध्ये 1987 मध्ये डॉ. दे याँगे यांनी जाहीरपणे सांगितलं की बाळांना पालथं झोपवू नका, आणि मृत्यू उतरू लागले. ऑस्ट्रेलियात डॉ. सुझन बील ज्या घरांत असं बाळ गेलं त्या घरांत स्वतः जात, बाळ कुठे होतं, कसं होतं हे विचारत. पालथ्या झोपेबद्दल त्यांनी फार आधीपासून सावध केलं होतं. न्यूझीलंडने मोठा अभ्यास करून 1991 मध्ये देशभर मोहीम काढली. त्याच वर्षी ब्रिटनमध्ये दूरदर्शनवरच्या निवेदिका अॅन डायमंड यांचं चार महिन्यांचं बाळ गेलं. न्यूझीलंडमध्ये जे घरोघरी सांगितलं जातंय ते आमच्याकडे का नाही, असं त्यांनी सरकारला विचारलं आणि वर्ष संपायच्या आत तिथेही मोहीम सुरू झाली. काही वर्षांतच ब्रिटनमधले मृत्यू निम्म्याहून खाली आले. अमेरिकेत 1990 मध्ये दर एक लाख जन्मांमागे सुमारे 130 बाळं सिड्सने जात. 2020 मध्ये तो आकडा सुमारे 38 होता. यातली थोडी घट नोंदी वेगळ्या नावाखाली होऊ लागल्यामुळे दिसते, हे मान्य. तरी उरते ती घट केवढी आहे! कोणतं औषध निघालं नव्हतं, कोणतं यंत्र लावलं नव्हतं. फक्त सांगितलं गेलं.

म्हणून माझ्या तक्रारी मांडते.

पहिली आणि सगळ्यात मोठी तक्रार तुमच्या वॉर्डाबद्दल आहे. आमच्या बाळाला तिथे कुशीवर ठेवत, पाठीमागे टॉवेलची गुंडाळी लावून. सिस्टर किती हलक्या हाताने ते करायच्या! उजव्या हाताने मान, डाव्या हाताने टॉवेल, वर एक अलगद थाप. बहीण टक लावून पाहायची आणि घरी आल्यावर तिने हुबेहूब तसंच केलं. तीच गुंडाळी, तीच थाप. पुस्तिका कोणी वाचतं, कोणी वाचत नाही. सिस्टरचे हात मात्र प्रत्येक आई पाहते आणि तेच शिकते. कुशीवर ठेवलेलं बाळ डळमळीत असतं, सहज पालथं होतं. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने 1996 मध्येच कुशीपेक्षा पाठ बरी असं सांगितलं आणि पुढे कुशीवर झोपवणं सुरक्षित नाही असं स्पष्ट केलं. मग वॉर्डातून ती टॉवेलची गुंडाळी अजून गेली कशी नाही?

कमी दिवसांच्या बाळांच्या बाबतीत तर हे जास्तच जपायला हवं. अतिदक्षता विभागात त्यांना कधी कधी श्वासासाठी पालथं ठेवतात. तिथे डोळ्यांत तेल घालून बसलेली माणसं असतात, अंगाला मॉनिटर असतो. आईवडील आठवडेच्या आठवडे काचेतून तेच पाहतात आणि घरी जाऊन तेच करतात. घरी मॉनिटर नसतो, आणि याच बाळांना धोका जास्त असतो. घरी जायच्या बऱ्याच आधीपासून त्यांना उताणं झोपायची सवय लावावी असं तज्ज्ञ सांगतात. हे आईवडिलांना नुसतं सांगू नका, त्यांच्या डोळ्यांसमोर करा.

दुसरी तक्रार अशी की तुम्ही फक्त आईशी बोलता. तेही डिस्चार्जच्या गडबडीत, बिल आणि औषधांच्या मध्ये. बाळाला सांभाळणारे हात अनेक असतात.

त्या दुपारी आमच्या बाळाला पालथं ठेवलं होतं माझ्या आईने. पोटात गॅस धरला होता, किरकिर थांबत नव्हती. आम्ही दोघी बहिणी पालथ्या झोपूनच वाढलो, कारण आईला तिच्या डॉक्टरांनी तेच सांगितलं होतं. तिने तिला माहीत असलेली सगळ्यात चांगली गोष्ट केली. बाळ गप्प झालं, तिला वाटलं आराम पडला. ज्या बाळाला पालथं झोपायची सवय नाही ते अचानक तसं झोपवलं गेलं तर धोका अनेक पटींनी वाढतो, हे आम्हाला नंतर कळलं. नंतर. आई अजून मला विचारते, "मला कोणी सांगितलं असतं तर मी ऐकलंच असतं ना गं?" तिने ऐकलं असतं. ती डॉक्टरांचं सगळं ऐकते.

पाठीवर असतं तर आमचं बाळ वाचलं असतं का, हे कोणी छातीठोकपणे सांगू शकत नाही, आणि मीही तसा दावा करत नाही. उताणी झोपलेली बाळंही कधी कधी जातात. मेंदूच्या देठात, जिथून श्वास आणि जाग सांभाळली जाते, तिथे काही बाळांत जन्मतःच उणीव असावी, असं संशोधक मानतात. अशा बाळाचं तोंड गादीकडे असलं की ते स्वतःचाच सोडलेला श्वास पुन्हा घेतं, अंग तापतं, प्राणवायू कमी पडतो. एरवी बाळ डोकं वळवतं, रडतं. हे बाळ जागंच होत नाही. ती उणीव बाहेरून दिसत नाही, ती आपल्या हातात नाही. झोपवणं हातात आहे. माझ्या बहिणीला ती संधी मिळाली नाही, एवढंच माझं म्हणणं आहे.

तिसरी तक्रार घशात दूध अडकण्याच्या भीतीबद्दल. स्पॉक यांचं ते जुनं कारण आजही तुमच्याच काही वॉर्डांत ऐकू येतं. आम्हालाही एका सिस्टरने तेच सांगून कुशीवर ठेवायला लावलं. शरीराची रचना याच्या उलट आहे. बाळ उताणं असतं तेव्हा श्वासनलिका वर आणि अन्ननलिका तिच्या खाली असते. पोटातून आलेल्या दुधाला श्वासनलिकेत शिरायला चढ चढावा लागतो. बाळ गिळतं किंवा खोकून बाहेर टाकतं. पालथं केलं की अन्ननलिका वर येते आणि दुधाला श्वासनलिकेकडे उतार मिळतो. एका रेघेचं चित्र काढून दोन मिनिटांत हे समजावता येतं. मी आईला तसंच समजावलं, रुमालावर पेनाने दोन नळ्या काढून. तिला लगेच कळलं.

डोकं चपटं होतं ही दुसरी शंका, तिचंही उत्तर सोपं आहे. बाळ जागं असताना, समोर कोणी बसलेलं असताना, त्याला रोज थोडा वेळ पोटावर खेळवायचं. मानही धरली जाते, डोक्यावरचा दाबही हटतो. झोप पाठीवर, खेळ पोटावर.

चौथी गोष्ट वस्तूंची. तुमच्याच आवारात, प्रतीक्षेच्या खोलीत, बाळाला डोक्याकडून उंच, तिरकं झोपवणाऱ्या उतरत्या झोपाळ्यांच्या, उशांच्या, बाळ एका जागी धरून ठेवणाऱ्या लोडांच्या जाहिराती लागतात. दवाखान्यात लागलेली जाहिरात पालकांना दवाखान्याचा सल्ला वाटते. 2019 मध्ये अमेरिकेत बाळांसाठीचे सुमारे 47 लाख उतरते झोपाळे, अनेक बाळांच्या मृत्यूंनंतर, बाजारातून परत घ्यावे लागले. 2022 मध्ये तिथे झोपेसाठीचे असे झोपाळे आणि पाळण्याचे गुबगुबीत पट्टे विकायलाच कायद्याने बंदी झाली. उतारावर बाळाची हनुवटी छातीला टेकते आणि श्वासाची वाट अरुंद होते. वजनदार दुपटीही नकोतच. साध्या दुपट्यात गुंडाळायचं तर बाळ उताणंच हवं, आणि ते वळायचा प्रयत्न करू लागलं की गुंडाळणं थांबवायचं. श्वास मोजणारे मोजे आणि पट्टे हा धोका कमी करतात असा पुरावा नाही; ते लावले म्हणून पालथं झोपवलं तर चालेल, असं कोणी समजू नये. आणि सोफा! थकलेली आई किंवा वडील बाळाला छातीवर घेऊन सोफ्यावर डोळा लागून पडतात, ती सगळ्यात धोक्याच्या जागांपैकी एक आहे. हेही कोणी सांगत नाही, कारण ते दृश्य फार प्रेमळ दिसतं.

आता मागण्या.

वॉर्डातलं प्रत्येक निरोगी बाळ पहिल्या दिवसापासून उताणं, सपाट गादीवर, बाजूला काहीही न ठेवता झोपवा. टॉवेलची गुंडाळी बंद करा. हे डॉक्टर, सिस्टर, रात्रपाळीच्या मावशी, सगळ्यांना सारखंच माहीत असू द्या. एकाने पाठ आणि दुसऱ्याने कूस सांगितली की आई जे सोपं वाटेल ते करते.

घरी सोडण्याआधी दहा मिनिटं काढा. त्या दहा मिनिटांना आजी, आजोबा, वडील, जे कोणी बाळाला सांभाळणार आहेत त्यांना बोलवा. सांगून सोडून देऊ नका. त्यांच्या हाताने बाळ झोपवून घ्या, आणि बाळ एकदा स्वतःहून दोन्ही बाजूंना वळू लागलं की झोपेत वळल्यावर पुन्हा पुन्हा सरळ करत बसायची गरज नाही, पण झोपवताना पाठीवरच ठेवायचं, हेही सांगा. लसीला येतात तेव्हा "कसं झोपवता?" एवढं परत विचारा.

पुस्तिकेत पान घाला. मुखपृष्ठ बदला. भिंतीवरचे फोटोही पाहा. जिथे झोपलेलं बाळ दिसेल तिथे ते पाठीवरच दिसलं पाहिजे. झोपेसाठीच्या वस्तूंच्या जाहिराती दवाखान्याच्या भिंतींवरून उतरवा.

आणि ज्या घरात हे होऊन गेलं आहे त्या घराशी नीट बोला. शवविच्छेदनाचा अहवाल हातात ठेवून दार बंद करू नका. एका डॉक्टरांनी बहिणीसमोर बसून अर्धा तास दिला होता, तिचे प्रश्न ऐकले होते, माझ्या आईला खोलीत बोलावून तिलाही शेजारी बसवलं होतं. दवाखान्याबद्दल तक्रार लिहीत असले तरी ते मी विसरलेले नाही. ते नशिबावर राहू नये, प्रत्येक घराला मिळावं.

ज्या दवाखान्याने मला दोन ओळींचं उत्तर पाठवलं, त्यांना वेगळं एक सांगते. झोपेचं पान लिहायला तुमच्याकडे कोणाला वेळ नसेल तर ते तयार आहे. माझ्या बहिणीने लिहिलं आहे. सात ओळी आहेत, तिच्याच अक्षरात, आणि खाली उताण्या बाळाचं चित्र आहे. सातही ओळी तिने एका बालरोगतज्ज्ञांकडून तपासून घेतल्या आहेत. 'भीती' हा शब्द त्यात कुठेही नाही. पुढची छपाई कधी आहे तेवढं कळवा, म्हणजे पाठवून देते.

आपली,
एका बाळाची मावशी